गुडमारच्या पानाची परीक्षा

कॉलेजात असताना वनस्पतिशास्त्राच्या सहलीत आमच्या सरांनी कुंपणावर चढलेल्या एका वेलाची दोन-दोन पाने तोडून आमच्या हातावर ठेवली. पाने समोरासमोर जोडीने लागलेली, लंबगोल, बोटाच्या दोन पेरांएवढी, हात फिरवला तर किंचित लव जाणवणारी. "मिनिटभर नीट चावा आणि थुंकून टाका," सर म्हणाले. चव कडवट-तुरट होती. चूळ भरून झाल्यावर सरांनी पिशवीतून साखरेची पुडी काढली आणि प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली.

ती साखर होती यावर विश्वास बसेना. दाताखाली बारीक वाळू आल्यासारखे कण लागत होते, विरघळतही होते, पण गोडी शून्य. गुळाचा खडा तोंडात टाकला तर तो मातकट आणि जरासा खारट लागला. संत्र्याची फोड लिंबासारखी आंबट लागली. मीठ मात्र खारटच लागले. अर्ध्या-पाऊण तासाने गोडी हळूहळू जिभेवर परत आली.

तो वेल म्हणजे गुडमार. गुळाला मारणारा, म्हणून गुडमार. आपल्याकडे खेड्यापाड्यांत त्याला बेडकीचा पाला म्हणतात, काही ठिकाणी कावळीही म्हणतात. संस्कृतात त्याचे एक नाव मधुनाशिनी. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्वेस्ट्रे. रुई आणि अनंतमूळ ज्या कुळातले, त्याच कुळातला हा वेल. जिभेवरची गोडी घालवणारे पान रक्तातली साखरही घालवत असेल, असे माणसाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक होते. या एका पानाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत किती प्रयोगशाळा पाहिल्या आणि त्यांतून काय हाती लागले, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण आज घराघरांत कुणी ना कुणी डायबिटीससाठी कसला तरी पाला खात आहे.

किती घरांचा प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमधले देशाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्याचे २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. गोव्यात चार प्रौढांमागे एकाला हा आजार आहे.

हा आजार आयुष्यभराचा. गोळ्या रोजच्या, तपासण्या दर तीन महिन्यांच्या आणि खर्च कायमचा. अशा वेळी परसातल्या झाडाचे पान जर काम करत असेल, तर त्याहून मोठा दिलासा कोणता? म्हणून सकाळी उपाशीपोटी कडुनिंबाचा रस, कढीपत्त्याची चटणी, जांभळाची, पेरूची, शेवग्याची पाने, कुंडीतले 'इन्सुलिनचे झाड' असे उपाय एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जातात. ही माणसे भोळी नसतात. त्यांना स्वस्त, हाताशी असलेला आणि ओळखीचा उपाय हवा असतो. त्यांना हसून उडवून लावणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना खोटी आशा विकणेही चुकीचे.

उटीपासून परळपर्यंत

प्राचीन आयुर्वेदाला मधुमेह ठाऊक होता. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे निरीक्षण आपल्या जुन्या ग्रंथांत आहे. त्या ग्रंथांतल्या 'मेषशृंगी' या वनस्पतीशी अनेक अभ्यासक गुडमारची सांगड घालतात, कारण गुडमारच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगांसारख्या दिसतात. पण महाराष्ट्रात 'मेढशिंगी' म्हणून जे झाड ओळखले जाते, ते टेटूच्या कुळातले एक वेगळेच झाड आहे. नाव जवळजवळ एक, वनस्पती दोन. नुसत्या नावावर भरवसा ठेवून पाला गोळा केला तर काय घोळ होऊ शकतो, त्याचे हे घरचेच उदाहरण.

आधुनिक विज्ञानात या पानाची नोंद झाली १८४७ च्या सुमारास. भारतात काम करणाऱ्या एजवर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे पान चघळल्यावर साखरेची चव जाते, अशी माहिती लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली. पुढे १८८७ मध्ये डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने उटीला या पानांचे रासायनिक परीक्षण केले. हूपर मद्रास सरकारच्या सिंकोना लागवडीसाठी, म्हणजे क्विनाइनच्या कामासाठी, नेमलेला. झाडाच्या सालीतून हिवतापाचे औषध कसे मिळते, हे तो रोज पाहत होता. गोडी मारणारा जो भाग त्याने वेगळा केला, त्याला जिम्नेमिक आम्ल असे नाव पडले. तो एक पदार्थ नसून एकाच घराण्यातल्या अनेक संयुगांचा समूह आहे, हे नंतर कळले.

आपल्या मातीतल्या वनस्पतींची अशी शास्त्रीय नोंद करण्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मराठीतले कवीही. १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांनी मेजर बसू यांच्यासह रचलेला 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये बाहेर आला आणि आजही संशोधक तो उघडतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकांत दोन नावे होती: म्हसकर आणि केअस.

हीच दोन नावे गुडमारच्या गोष्टीत पुन्हा भेटतात. १९२८ मध्ये कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडमारची तपासणी केली. रक्तातल्या साखरेवर या पानाचा उपयोग होत असल्याचे त्यांना दिसले नाही. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, म्हसकर आणि केअस यांनी गुडमारवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांना प्राण्यांमध्ये साखर उतरलेली दिसली, आणि हे पान थेट साखरेवर काम करत नसून स्वादुपिंडाला चालना देऊन इन्सुलिन वाढवत असावे, असा तर्क त्यांनी मांडला.

एकच वेल आणि दोन उत्तरे. यात कुणी खोटे बोलत नव्हते. पान कोणत्या रानातले, कोणत्या ऋतूतले, वाळवले कसे, किती दिले, कोणाला दिले, यांतली एकेक गोष्ट बदलली की उत्तर बदलते. पाल्यावरच्या संशोधनाची खरी अडचण इथून सुरू होते आणि ती आजही संपलेली नाही.

केअस परळच्या हाफकिन संस्थेत काम करत. त्यांनी आणि म्हसकरांनी त्याच सुमारास आणखी एक मोठे काम केले. सापाच्या विषावर उतारा म्हणून देशभर वापरल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी एकामागून एक तपासल्या. विषावर खरोखर गुण देणारी एकही निघाली नाही. ज्या संशोधकांनी गुडमारच्या बाजूने निष्कर्ष दिला, त्यांनीच सर्पदंशाच्या पाल्यांना स्पष्ट नकार दिला. मला हे दोन्ही निष्कर्ष सारखेच मोलाचे वाटतात. झाडपाल्यावर प्रेम असलेल्या माणसाने तो कसा तपासावा, याचा धडा परळने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे.

पान हे रसायन कशासाठी बनवते

जिभेवरच्या जादूचे कारण आता बऱ्यापैकी कळले आहे. जिभेवरच्या चवपेशींवर गोड ओळखणारी प्रथिने असतात. साखरेचा कण त्या प्रथिनाला चिकटला की मेंदूला 'गोड' असा निरोप जातो. जिम्नेमिक आम्ले त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि निरोप जाऊ देत नाहीत. कडी आतून लावल्यासारखे होते. आंबट आणि खारट यांची दारे वेगळी, म्हणून त्या चवी शाबूत राहतात.

पण वेलाने हे रसायन माणसाच्या डायबिटीससाठी बनवलेले नाही. झाडाला पळता येत नाही. पान खायला येणाऱ्या अळीला, किड्याला, शेळी-मेंढीला परतवायचे तर त्याच्याकडे रसायनांचाच आधार असतो. जिम्नेमिक आम्ले असलेले खाद्य अळ्या टाळतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

तुतीच्या पानाची गोष्ट याहून बोलकी आहे. तुतीच्या चिकात साखरेसारखे दिसणारे एक संयुग असते. डिऑक्सिनोजिरिमायसिन हे त्याचे नाव. ते पिष्ट आणि साखर फोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, अडवते. दुसऱ्या किड्याची अळी तुतीचे पान खाऊ लागली तर तिला अन्नातली साखर वापरता येत नाही आणि ती खुरटते, मरते. रेशीमकिड्याची विकरे मात्र या संयुगाला दाद देत नाहीत. म्हणून तुतीवर रेशीमकिडा बिनघोर वाढतो. बीड-जालन्यापासून बारामतीपर्यंत जे शेतकरी तुती लावून कोष विकतात, त्यांचा धंदा या रासायनिक तहावर चालतो.

हेच संयुग माणसाच्या आतड्यातल्या विकरांनाही अडवते. भाताचे, पोळीचे साखरेत रूपांतर होण्याचा वेग त्यामुळे मंदावतो आणि जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. संशोधकांनी त्या संयुगाच्या रचनेत थोडा बदल करून मिग्लिटॉल नावाची गोळी तयार केली. ती १९९० च्या दशकात बाजारात आली आणि डॉक्टर ती आजही देतात. अळीविरुद्धचे तुतीचे हत्यार योग्य मापात आणले, तेव्हा ते औषध झाले.

'झाडपाल्याचे आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पानातले जे रसायन गुण देऊ शकते, ते मुळात कुणाला तरी अपाय करण्यासाठीच तयार झालेले असते. ज्याला गुण आहे त्याला दोषही असू शकतो. प्रश्न मात्रेचा असतो, आणि मात्रा ठरवायला तपासणी लागते.

मेंढ्यांना मारणारे झाड आणि रोजची गोळी

डायबिटीसच्या पेशंटला पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिनची मिळते. तिचे मूळही एका झुडपात आहे. युरोपात गलेगा ऑफिसिनॅलिस नावाचे जांभळट फुलांचे, वाटाण्याच्या कुळातले झुडूप वाढते. तिथल्या लोकवैद्यकात ते पूर्वीपासून वापरात होते. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ते चारा म्हणून लावून पाहिले. जनावरांना, विशेषतः मेंढ्यांना, ते विषारी ठरले, आणि आज अमेरिकेत त्याची गणना उपद्रवी तणांत होते.

त्यातले मुख्य द्रव्य गॅलेगिन. त्याने साखर उतरते, पण सुरक्षित मात्रा आणि विषारी मात्रा यांतले अंतर फार थोडे. म्हणून शास्त्रज्ञ त्याच जातीची, पण शरीराला सोसणारी संयुगे शोधू लागले. १९२६ मध्ये आलेले सिंथॅलिन विषारी निघाले आणि मागे पडले. मेटफॉर्मिन १९२२ मध्येच डब्लिनच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण १९२१ मध्ये सापडलेल्या इन्सुलिनच्या झळाळीत त्याच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. अखेर १९५७ मध्ये पॅरिसच्या झ्याँ स्टर्न या डॉक्टरने ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन आपले अनुभव प्रसिद्ध केले. मेटफॉर्मिनचेच भावंड फेनफॉर्मिन काही वर्षे जोरात खपले, पण त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या शेवटी बहुतेक देशांनी ते बंद केले. अमेरिकेने मेटफॉर्मिनला परवानगी दिली ती थेट १९९४ मध्ये. ब्रिटनच्या मोठ्या, वर्षानुवर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा या गोळीचे स्थान पक्के झाले.

म्हणजे झुडपापासून गोळीपर्यंत यायला कित्येक दशके लागली. वाटेत दोन भावंडे विषारी निघाली आणि शेवटी जी गोळी हाती आली, तिच्यात झुडपाचा एक कणही नाही. ती कारखान्यात रसायनांपासून बनते. झाडाने फक्त दिशा दाखवली. ज्यांना 'ॲलोपॅथीची गोळी' आणि 'झाडपाला' हे दोन वेगळे पंथ वाटतात, त्यांनी मेटफॉर्मिनच्या पाकिटाकडे पाहावे. एका पाल्याची संपूर्ण परीक्षा झाली की तो असा दिसतो.

'अर्क' म्हणजे नेमके काय

वर्तमानपत्रात बातमी येते, 'अमुक पानांच्या अर्काने साखर घटली.' आपल्या आयुर्वेदात पानाचा उपयोग करण्याचे पाच मूळ प्रकार सांगितले आहेत: पिळून काढलेला स्वरस, वाटलेला कल्क, उकळून आटवलेला क्वाथ म्हणजे काढा, थंड पाण्यात भिजवलेला हिम आणि गरम पाण्यात भिजवलेला फांट. अर्क म्हणजे वाफ करून थेंबाथेंबाने गोळा केलेला, ओव्याच्या अर्कासारखा. प्रयोगशाळेतला 'अर्क' बहुधा यांपैकी कुठलाच नसतो.

तिथे पाने सावलीत वाळवतात आणि भरड दळतात. ती पूड कागदी नळकांड्यात भरून सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवतात. खाली अल्कोहोल उकळते, त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंब थेंब पुडीवर पडत राहते. कित्येक तास हे चक्र चालते. शेवटी अल्कोहोल उडवून टाकले की तळाशी काळपट हिरवा, चिकट लेप उरतो. तोच अर्क. अल्कोहोलात जे उतरते ते पाण्यात उतरेलच असे नाही. म्हणून अल्कोहोलाच्या अर्काचा निष्कर्ष घरच्या काढ्याला लागू करता येत नाही.

मग हा अर्क उंदरांना देतात. बहुतेक प्रयोगांत आधी स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून उंदराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. माणसांत मात्र मधुमेहाच्या दहातल्या नऊ रुग्णांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असतो. त्यांचे इन्सुलिन बनत असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि पुढे हळूहळू ते कमी पडते. दोन्हींना मधुमेह म्हटले तरी आतली बिघाडाची जागा वेगळी असते.

आता मात्रेचा हिशेब करून पाहा. समजा, उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला. उंदराचे शरीर माणसापेक्षा वेगाने चालते, म्हणून माणसासाठी ही मात्रा साधारण सहाने भागतात. ६० किलोच्या माणसाला ती रोज जवळजवळ दोन ग्रॅम अर्क होते. दहा ग्रॅम वाळल्या पानांतून एक ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर वीस ग्रॅम वाळकी पाने लागतील. ओल्या पानांत तीन-चतुर्थांश पाणी असते असे धरले, तर ही झाली रोजची ऐंशी ग्रॅम ओली पाने. सकाळी दोन पाने चावून जाणारा माणूस या प्रयोगाच्या जवळपासही नसतो. उलट बाजारातली दाट अर्काची कॅप्सूल दिवसाला चार-चार घेणारा माणूस कुठे पोहोचला, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते.

काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगांची गोष्ट याहून सावध करणारी आहे. गुडमारचा अर्क इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर घातला की इन्सुलिन बाहेर पडते, हे खरे. पण १९९९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी हे का होते ते तपासले. पेशींची आवरणे पाझरू लागल्यामुळे इन्सुलिन बाहेर येत होते, असे त्यांना दिसले. जिम्नेमिक आम्ले सॅपोनिन वर्गातली आहेत. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस होतो तो सॅपोनिनांमुळेच, आणि साबणासारखी ही द्रव्ये पेशींच्या स्निग्ध आवरणाला भोके पाडू शकतात. बशीतला आकडा चांगला दिसला, तरी त्यामागे पेशीला झालेली इजा असू शकते. त्याच शहरातल्या संशोधकांनी पुढे वेगळ्या तऱ्हेने केलेला अर्क तपासला, तेव्हा तो पेशींना इजा न करता इन्सुलिन वाढवतो असे दिसले. वेल तोच, अर्क वेगळा, परिणाम वेगळा.

माणसांत काय दिसले

गुडमारच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा १९९० चा आहे. मद्रास विद्यापीठाच्या शण्मुगसुंदरम आणि सहकाऱ्यांनी जीएस-४ नावाचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम दिला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या २२ रुग्णांनी तो नेहमीच्या गोळ्यांसोबत १८ ते २० महिने घेतला. त्यांची साखर उतरली, गोळ्यांचे प्रमाण कमी करता आले आणि पाच जणांना गोळ्या थांबवता आल्या. इन्सुलिनवर असलेल्या २७ रुग्णांच्या वेगळ्या गटात इन्सुलिनची गरज घटली.

हे निष्कर्ष उमेद देणारे आहेत. पण २२ माणसे ही फार छोटी संख्या. शिवाय कोणाला अर्क मिळतो आणि कोणाला नुसती दिखाऊ गोळी, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी नव्हती. आपल्यावर नवे औषध चालू आहे हे कळले की माणूस पथ्य नीट पाळतो, संध्याकाळी चालायला जातो. साखर त्यानेही उतरते. मग श्रेय पानाला द्यायचे की पायांना? त्यानंतर झालेल्या चाचण्याही बहुतेक छोट्या आणि थोड्या काळाच्या आहेत. डायबिटीसच्या उपचाराचा खरा कस डोळे, मूत्रपिंडे, पाय आणि हृदय वाचतात की नाही यात लागतो. मेटफॉर्मिन त्या कसाला वर्षानुवर्षांच्या चाचणीत उतरले आहे. गुडमारची तशी मोठी, दीर्घ परीक्षा कुणी घेतलेली नाही.

दुसरी बाजूही नोंदलेली आहे. गुडमार घेणाऱ्या एका रुग्णाला यकृताची गंभीर सूज आल्याचे २०१० मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. अशा घटना विरळ आहेत, पण त्या शून्य नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या डायबिटीसच्या पुड्यांत गुपचूप ॲलोपॅथीची गोळी कुटून घातल्याचे प्रकार परदेशांतल्या औषध नियंत्रकांनी पकडले आहेत. अशा पुडीने साखर झपाट्याने उतरते, घेणारा खूश होतो आणि एके दिवशी ती धोक्याच्या पातळीखाली जाते.

कुंडीतले 'इन्सुलिन'

आता घरोघरी दिसणाऱ्या 'इन्सुलिनच्या झाडा'बद्दल. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, नारिंगी फुलांचे. रोपवाटिकांनी ते आपल्याकडे गॅलऱ्यांत पोहोचवले. त्याच्या पानांवर उंदरांत प्रयोग झाले आहेत आणि साखर उतरल्याचे काहींत दिसलेही आहे. पण त्या पानात इन्सुलिन नसते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते तोंडावाटे घेतले तर पोटात डाळीच्या प्रथिनासारखे पचून जाते. म्हणून तर ते टोचून घ्यावे लागते.

ही बाब पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांसाठी जिवावरची आहे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. कुणाच्या तरी सल्ल्याने इंजेक्शन थांबवून पाला सुरू केला, तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साचते, मूल बेशुद्ध होते आणि वेळेत रुग्णालयात नेले नाही तर दगावते. झाडाच्या नावातले 'इन्सुलिन' हे फक्त नाव आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

तुमच्या-माझ्यासाठी

जे पाने घेतात, त्यांना मला चार शब्द सांगायचे आहेत.

पाला घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. रात्रीची गोळी आणि सकाळचा रस या दोघांनी मिळून साखर उतरवली, तर पहाटे घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला ते फार महागात पडते. शिवाय गुडमार चघळून जिभेची गोडी गेली असेल, तर अशा वेळी घाईत दिलेली साखर गोड लागणार नाही. ती साखरच आहे असे समजून गिळायची.

गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने कमी करू नका. एका सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून पाल्याला गुण देऊ नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करा, तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवा आणि मगच काय ते ठरवा. यकृताचा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी अर्काच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ज्या पुडीवर घटक, मात्रा, बनवणाऱ्याचा परवाना आणि तारीख नाही, ती घरात आणू नका. कढीपत्ता, मेथी, शेवग्याचा पाला ताटात भाजी-चटणी म्हणून जरूर खा. ते उत्तम अन्न आहे आणि अन्न म्हणून त्याचा मान मोठा आहे.

आणि एक मागणी राज्यकर्त्यांकडे, आपल्या वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयांकडे. गुडमार सह्याद्रीच्या आसपास वाढतो आणि देशातले मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण शेजारच्या गोव्यात आहे. पेशंट, पान, वैद्य, डॉक्टर, प्रयोगशाळा सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. काही हजार रुग्णांवर, पाच वर्षांची, नियमाने घेतलेली एक चाचणी इथे व्हायला हवी. तिचा निकाल होकारार्थी आला तर गरिबाला स्वस्त औषध मिळेल. नकारार्थी आला तर लाखो लोकांचा पैसा आणि वेळ वाचेल.

म्हसकर आणि केअस यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जे मिळाले ते, होकार असो वा नकार, तसेच छापले. गुडमारच्या पानाची ती अर्धी राहिलेली परीक्षा आता पुरी व्हायला हवी. तोपर्यंत आपली गोळी वेळेवर घ्या.